हद्द दाखवणारा शुक्रा

लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेपासून आत डोंगराकडे वळलं की शुक्राची वाडी लागते. वाडीला नाव आहे, पण बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं; त्यांना ठाऊक असतो तो शुक्रा. वाडीत परका माणूस आला की त्याची पहिली गाठ शुक्राशीच पडते. डोस पाजायला येणाऱ्या नर्सबाई, मतदारयादीवाले मास्तर, बकऱ्या बघायला येणारे खाटीक, रविवारी पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढणारी मुंबईची पोरं, सगळ्यांना तोच वाट दाखवतो. दाखवतो म्हणजे नुसतं बोट करत नाही. आधी अख्खा हात लांब करतो, मग मान त्या दिशेला वळवतो आणि शेवटी "चला, मीच येतो" म्हणत हातातलं काम टाकून चालायला लागतो. त्याची बायको सुंदरा म्हणते, या माणसाला देवानं हात आधी दिला, अक्कल मागून पाठवतो म्हणाला आणि विसरला.

सुंदराचं बोलणं मनावर घेऊ नये. शुक्रा कातकऱ्याचा पोर, तीन यत्ता शिकलेला, पण कामाला वाघ. वाडीच्या शेजारी बंगल्यांची स्कीम झाली तेव्हापासून तो तिथं माळी आहे. ज्या माळावर त्याच्या बापानं शेठसावकारांचं गवत कापलं, त्याच माळावर हा आता गवताला पाणी घालतो, आणि ते कापायला पुन्हा मशीन येतं. पाणी घालून वाढवायचं आणि वाढलं की कापायचं, यातला हेतू त्याला अजून कळलेला नाही. पण पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, म्हणून त्यानं विचारायचं सोडून दिलं.

वाडी ज्या जमिनीवर आहे ती कर्जतच्या नानांची. नाना म्हणजे निवृत्त वकील, जुनं घराणं. त्यांच्या आजोबांनी शुक्राच्या आजाला तिथं बसवलं आणि तेव्हापासून कुणी कुणाला उठवलं नाही. वाडीतलं शेवटचं घर शुक्राचं. त्याच्या अंगणाच्या टोकाला धुणं धुवायचा दगड आहे. दगडापलीकडे वाडीचं खळं, त्याच्याही पलीकडे मोकळी जागा आणि मग नाल्यावरचं उंबराचं झाड. उंबरापर्यंत वाडीची गुरं बसतात, पेंढा रचला जातो, लग्नाचा मांडव पडतो. ती जागा कुणाची, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

ती वेळ आणली शुक्राच्या धाकट्या बहिणीनं, मंगळीनं. तिला दिलीय पेणच्या पुढे, खाडीकाठच्या वाडीत. नवरा हिरू खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडतो आणि मंगळी त्या बाजारात नेऊन विकते. दर शिमग्याला दोघं येतात, दोन दिवस राहतात आणि जातात. यंदा शिमगा होऊन गेला, होळीची राख वाऱ्यानं उडून गेली, तरी दोघं जायचं नाव काढीनात. शेवटी सुंदरानंच विषय काढला.

"मंगळे, तिकडं काय झालंय का गं?"

मंगळी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वयनी, घरकुल आलंय आमचं."

"मग चांगलं हाय की."

"आलंय, पन बांधायचं नाय म्हणतात. आमची वाडी समुद्रात हाय म्हणं."

शुक्रा दारात विडी ओढत बसला होता. तो आत वळला. "समुद्रात? तुमी तर काठावर हाय ना?"

मग हिरूनं सांगितलं. हिरू बोलायला बसला की हात चालवल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. मागच्या वर्षी तीन पायांचं यंत्र घेऊन दोन माणसं वाडीवर आली होती. त्यांनी विचारलं, भरतीचं पाणी कुठवर येतं? हिरूनं त्यांना घराच्या मागे, चढावर, करंजाच्या झाडापाशी नेलं आणि खोडावर हात ठेवून सांगितलं, हितवर.

"तितवर येतं पानी?" शुक्रानं विचारलं.

"येकदाच आलेलं. मोठं वादळ झालं तवा."

"मग असं का सांगितलंस रं?"

हिरूनं त्याच्याकडे असं पाहिलं की या माणसाला काहीच कसं कळत नाही. खाडीकाठी पाण्याचं कुणी विचारलं, तर ते पंचनाम्यासाठी, हे लहान पोरालाही माहीत असतं. वादळाच्या साली ज्यांनी पाणी चुलीपर्यंत आलं म्हणून सांगितलं त्यांना धान्य मिळालं, पत्रे मिळाले. ज्यांनी खरं सांगितलं, की बाबा अंगणापर्यंतच आलं, ते रिकाम्या हातानं राहिले. तेव्हापासून सगळ्या वाडीनं एक गोष्ट गाठीला बांधली होती. पाणी कुठवर आलं, असं साहेबानं विचारलं, की जेवढं लांब दाखवता येईल तेवढं दाखवायचं. हिरूनं सगळ्यांत लांब दाखवलं आणि त्या दिवशी वाडीत त्याचं कौतुकही झालं.

आता पंचायतीत सांगत होते की किनारा राखायचा कायदा आहे. भरतीची रेषा जिथं, तिथून आत अमुक अंतर नवं पक्कं घर बांधायचं नाही. कायदा वाईट असेल असं नाही. माणसांनी पाण्याच्या तोंडाशी घरं बांधून बुडू नये, कांदळवन तुटू नये, मासा राहावा, एवढं भलं त्यात आहे म्हणतात. फक्त त्या भल्याच्या आत मंगळीची चूल आली. कुडाचं घर आहे तसं राहू दे, पण घरकुलाचे पैसे मिळणार नाहीत. दुसरीकडे जागा दाखवा, तिथल्या पंचायतीत नव्यानं नाव घाला, असं तिला सांगितलं होतं.

"आणि आमच्या खाली, पान्याकडं, भिंतवाला बंगला हाय," मंगळी म्हणाली. "त्याला कोन काय बोलत नाय. तो समुद्रात नाय, आमी समुद्रात."

मग मंगळीनं सूप खाली ठेवलं आणि ज्यासाठी आली होती ते बोलली. "दादा, उंबराकडं जागा मोकळी हाय. तितं मला घरापुरती मिळल का?"

शुक्रानं विडी विझवली. धाकटी बहीण माहेरी जागा मागते, आणि मागते तीही एका खोलीपुरती. "मिळल की," तो म्हणाला. "न मिळायला काय झालं? मी नानांना इचारतो."

तो दुसऱ्याच दिवशी मिनीडोर रिक्षा पकडून कर्जतला गेला. पण शुक्राच्या घरात बापापासून चालत आलेली एक रीत आहे. नानांच्या दारात गेलं की एका खेपेला एकच गोष्ट काढायची. दुसरी काढली तर पहिलीची किंमत जाते आणि माणूस हावरट दिसतो. रीत चांगली आहे, पण त्या दिवशी शुक्राच्या डोक्यात समुद्र भरला होता. नानांनी "काय रे, काय काढलंस?" म्हणताच त्याच्या तोंडून समुद्रच बाहेर पडला.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत सांगितलं, "हिरूनं दाखवलं म्हणून काही होत नसतं रे. ती रेषा वरून फोटो काढून ठरवतात. नकाशे आधीच झालेले असतात."

"मग त्याला इचारलं कशाला?"

नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तेही खरंच," ते म्हणाले. "कशाला विचारलं असेल, सांगता नाही येत बुवा."

शुक्राला वाटलं होतं की कर्जतला गेल्यावर गुंता सुटेल. आता नानाही त्याच्याबरोबर गुंत्यात येऊन बसले. चहा झाला. जागेचं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण खेप संपली होती. आता पुढच्या वेळी, असं मनाशी म्हणत तो उठला. चपला घालताना नाना मागून म्हणाले, "आणि हो, आठवडाभरात एक माणूस पाठवीन मी. त्याला वाडीची हद्द दाखव." शुक्रानं हो म्हटलं. वाट दाखवणं, हद्द दाखवणं, ही तर त्याचीच कामं.

माणूस आला. त्याच्याकडेही तीन पायांचं यंत्र होतं. ते पाहून ओट्यावर बसलेला हिरू ताडकन उभा राहिला आणि शुक्राच्या मागे येऊन थांबला.

"नानांकडून आलोय," माणूस म्हणाला. "वाडी कुठपर्यंत आहे तुमची?"

शुक्राचा हात सवयीनं वर गेला. उंबराकडे जातही होता. तेवढ्यात हिरू कानाशी कुजबुजला, "दादा, मी दाखवलं तसं नको दाखवू. जेवडं दाखवशील तेवडं जातंय."

शुक्राचा हात अधांतरी राहिला. "मोजताय कशाला?" त्यानं विचारलं.

"मला मोजायला सांगितलंय. तुम्ही दाखवा, मी मोजतो."

शुक्रानं विचार केला, आणि त्यानं विचार केला हेच नडलं. खाडीकाठी लांबचं दाखवलं आणि घर रेषेच्या आत गेलं. म्हणजे रेषा आली की जवळचं दाखवायचं, त्यात कमी सापडतं. खळं आणि मोकळी जागा दाखवलीच नाही, तर ती या यंत्राच्या तावडीतून सुटेल आणि मंगळीसाठी शाबूत राहील. त्यानं हात खाली आणला, चार पावलं चालला आणि धुण्याच्या दगडावर पाय ठेवला.

"हितवर."

माणसानं पलीकडे नजर टाकली. "नक्की? तिकडे खळं दिसतंय."

"ते असंच हाय. आमचं नाय."

माणसानं पुन्हा एकदा विचारलं, शुक्रानं पुन्हा तेच सांगितलं. मग दगडावर लाल रंगाचा पट्टा आला आणि माणूस मोटारसायकलवरून निघून गेला. हिरूनं मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. बहिणीची जागा आज आपण वाचवली, असं वाटून शुक्राला बरेच दिवसांनी मोकळं वाटलं. सुंदरानं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "पन तो आलेला कशाला?"

"मोजायला."

"ते मी बी बगितलं," ती म्हणाली. पुढे ती काही बोलली नाही, आणि सुंदरा बोलायची थांबली की शुक्रानं खरं तर घाबरायला हवं.

मंगळी आणि हिरू खाडीवर परत गेले, घर आवरून यायला. वैशाखात शुक्रा पुन्हा कर्जतला गेला. या खेपेला त्यानं वाटेत समुद्राचा विचारही केला नाही. ओटीवर बसल्या बसल्या सरळ बोलला, "नाना, उंबराकडं मंगळीला घरापुरती जागा द्या."

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी नातवाला, मिहीरला, हाक मारून पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं तसा त्यांनी तांब्या शुक्रापुढे सरकवला.

"शुक्रा, ती जागा विकली रे मी."

शुक्राला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"माझं वय झालं. इथे सांभाळणार कोण? पण विकायच्या आधी तुमचं करून ठेवायचं होतं. आजोबांनी तुम्हाला नुसतं तोंडी बसवलेलं. म्हणून त्या मोजणीवाल्याला सांगितलं, वाडीवाले दाखवतील तिथपर्यंत सोडून टाक, एका शब्दानं अडवू नकोस. तेवढं वाडीच्या नावानं लिहून दिलं आणि उरलेलं विकलं." नानांचा आवाज खाली गेला. "तू धुण्याच्या दगडापर्यंत दाखवलंस. मला तर वाटलेलं, तू नाल्यापर्यंत दाखवशील. मी आनंदानं दिलं असतं."

"पन त्यानं सांगितलं नाय कशाला मोजतो ते."

"मीच म्हटलं होतं, सांगू नको. कळलं तर उगाच जास्त दाखवतील. न सांगता विचारलं की खरं काय ते येतं." ते पुढे म्हणाले, "चुकलं माझं. पण सही झाली आता."

शुक्राला रडू येत नव्हतं. रागही कुणावर धरावा ते कळत नव्हतं. नानांवर धरावा तर त्यांनी वाडी नावावर करून दिली होती, जे आजवर कुणी केलं नव्हतं. हिरूवर धरावा तर त्याचंच घर गेलं होतं. उरला तो स्वतः, आणि त्यानं तर बहिणीचं भलंच पाहिलं होतं. हिरू खोटं बोलून जास्त म्हणाला आणि त्याचं गेलं. हा खोटं बोलून कमी म्हणाला आणि याचंही गेलं. मग बोलायचं तरी किती, हा हिशेब त्याला काही केल्या जमेना.

दुसरी जागा मिळाल्यावरच मंगळीला सांगू, असं ठरवून तो आजूबाजूला जागा शोधत फिरला. चौक गावात विचारलं, सुंदराच्या माहेरच्या ओळखीनं पार पोशीरपर्यंत जाऊन आला. जिथं जावं तिथं रस्त्याकडेला बंगल्याच्या चित्रांचे बोर्ड लागलेले. एका दलालानं गुंठ्याचा भाव सांगितला तेव्हा शुक्रानं तो सगळ्या शेताचा समजून मान हलवली. दलालानं फोड करून सांगितल्यावर मात्र तो उठून बाहेरच आला. ज्या हिरवळीवर तो रोज पाणी मारतो, तेवढा तुकडा घ्यायला त्याचा सगळा जन्म पुरला नसता.

ज्येष्ठ लागता लागता मोकळ्या जागेवर गाडी आली. जागा घेतलेले गोरेसे शेठ उतरले, बरोबर बायको. वाडीत परका माणूस आला म्हणजे पुढे शुक्राच. "आपलीच जागा ना ही? जरा दाखवता का, कुठून कुठे?" शेठनी विचारलं. माणूस बोलायला चांगला होता. शुक्रानं त्यांना उंबरापर्यंत नेलं, खळ्याला वळसा घालून दगडापर्यंत आणलं. तीच जागा तो आज पायांनी मोजून दुसऱ्याला दाखवत होता आणि हात मात्र नेहमीसारखाच लांब होत होता.

"आमचा खरा विचार अलिबागचा होता," शेठ घाम पुसत म्हणाले. "समुद्राजवळ प्लॉट घेऊन ठेवलेला. पण तिकडे बांधू देत नाहीत. भरतीच्या रेषेत येतो म्हणे. मग म्हटलं जाऊ दे, डोंगर तर डोंगर."

शुक्रा जागच्या जागी थांबला. "तुमची जागा बी समुद्रात हाय?"

शेठ हसले. "तसंच समजा."

एकाच रेषेनं शेठला उठवलं आणि मंगळीलाही उठवलं. दोघंही डोंगर चढून याच उंबराखाली आले. शेठना हे ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तर ते कदाचित हळहळलेही असते. शुक्रानं सांगितलं नाही. जास्त सांगितलं तर काय होईल आणि कमी सांगितलं तर काय, याचा त्याला आता अंदाजच उरला नव्हता. तो त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, एवढंच.

चार दिवसांत खांब रोवले गेले, तार ओढली गेली. तार बरोबर धुण्याच्या दगडाला घासून गेली. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी टेंपोतून मंगळी आली. दोन पेट्या, जाळी, भांडी आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली मेढ, घराचा मधला खांब. घर मोडलं तरी मेढ टाकायची नाही, नव्या घरात तीच आधी उभी करायची, असं शुक्राचा बाप सांगायचा. मंगळीनं ती खाडीवरून आणली होती. खारं पाणी पिऊन खांब बुडाशी पांढरा पडला होता.

तिनं तारेकडे पाहिलं, भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "दादा, मेढ कुठं गाडायची?"

शुक्रानं तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मंगळी ऐकत होती. मग ती मेढीवर बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली. हिरू तारेपाशी जाऊन उगाच ती हलवून पाहत राहिला.

पुढच्या सोमवारी ग्रामसेवक आले. मंगळीचं नाव इकडे घालायचं तर जागा पाहून मोबाइलवर फोटो काढायला हवा होता. भला माणूस होता, घाईत होता. "वाडीच्याच नावावर आहे ना जागा? मग अडचण नाही," तो म्हणाला. "बाईंच्या घराची जागा कुठून कुठवर, तेवढं दाखवा."

सगळे शुक्राकडे बघायला लागले. दाखवायचं म्हणजे तोच. त्यानं हात उचलला आणि हात वाटेतच थांबला. एका बाजूला तार होती. दुसऱ्या बाजूला त्याचं अंगण, सुंदराच्या न्हाणीचा दगडफरशीचा चौकोन, शेवग्याचं झाड आणि मग त्याचं स्वतःचं घर.

"साहेब," तो म्हणाला, "जास्त दाखवू का कमी?"

ग्रामसेवकाला ती थट्टा वाटली. "अहो, आहे तेवढं दाखवा."

शुक्रा दगडापासून निघाला. न्हाणी ओलांडली, शेवगा ओलांडला. चालता चालता मागे वळून त्यानं एकदा मंगळीकडे पाहिलं, मग पुढे जाऊन आपल्याच दाराच्या उंबऱ्याला पाय लावून उभा राहिला.

"हितवर," तो म्हणाला. "हितवर तिचं हाय."

आत चुलीशी सुंदरा होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्यानं आपलं अख्खं अंगण एका शब्दात देऊन टाकलं, हे तिला कळलं होतं, आणि शुक्रा तिच्या तोंडाकडे बघायला घाबरत होता. सुंदरा उठून दारात आली. तिनं मेढीकडे पाहिलं, मग तारेकडे.

"शेवगा तेवडा तोडू नको मंगळे," ती म्हणाली. "बाकी गाड तुला गाडायची तितं."

ग्रामसेवकानं फोटो काढला. त्यात दगडापासून उंबऱ्यापर्यंतची जागा आली आणि कडेला शुक्राचा लांब केलेला हात आला. आपण जास्त दाखवलं की कमी, हे त्याला अजूनही कळलेलं नव्हतं.